दोन बोटं खाली

लेक्सस एससी ४०० ही गाडी काही उंच नाही. तरीही टायर आणि चाकाची कमान यांच्यामध्ये हाताची मूठ जाईल एवढी फट राहते आणि ती एकदा डोळ्यांत खुपायला लागली की खुपतच राहते. १९९१ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या या दोन-दारी कूपेचा आकार टोयोटाच्या न्यूपोर्ट बीच इथल्या कॅल्टी स्टुडिओत ठरला. प्लास्टर भरलेले फुगे दाबून, वळवून तिथल्या मंडळींनी तिची गोलाई शोधली होती. अशा गोलाईला कमानीत नीट बसलेलं चाक शोभतं, हे मान्य. पण बॉनेटखाली चार लिटरचा व्ही-८ आहे, आणि ही गाडी लॉस एंजेलिसहून एका दमात सॅन फ्रान्सिस्कोला पोचून कंबर न धरता खाली उतरण्यासाठी बनवलेली आहे. खाली बसवताना नेमका हाच गुण गेला, तर राहतं काय? एक जुनी, जड, दणके देणारी कूपे.

म्हणून आधीच सांगतो. ही कृती दोन बोटांची आहे, म्हणजे ३० मिलिमीटरच्या आसपास. चार बोटं खाली हवी असतील तर एअर सस्पेन्शन बसवा. गाडी उभी असताना हवी तेवढी जमिनीला टेकवा आणि चालवताना वर उचला. कॉइल स्प्रिंगवर तेवढी खाली बसवलेली आणि तरीही लांबच्या प्रवासाला सुखाची अशी एससी माझ्या पाहण्यात नाही.

हीच गाडी जपानमध्ये टोयोटा सोअरर नावाने विकली गेली. तिच्या काही प्रकारांत एअर सस्पेन्शन होतं आणि एका प्रकारात तर पूर्ण हायड्रॉलिक अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन. त्या गाड्या जेमतेम ८७३ बनल्या. तशी एखादी तुमच्याकडे असेल तर कृपा करून तिला हात लावू नका. अमेरिकेतल्या एससीला मात्र चारही कोपऱ्यांत साधी कॉइल स्प्रिंग आणि डबल विशबोन. पुढे आलेल्या १९९३च्या सुप्राची मांडणी हिच्यावरच बेतलेली, त्यामुळे बाजारात सुट्या भागांना तोटा नाही.

काय घ्यावं

तीन वाटा आहेत. पहिली, मूळ शॉकअपवर फक्त आखूड स्प्रिंग. स्वस्त आणि फसवी. तीस वर्षं जुन्या शॉकअपवर नवी, ताठ स्प्रिंग बसवली की शॉकअपला ती आवरत नाही. गाडी खाली तर बसते, पण हायवेच्या प्रत्येक जोडावर दोनदा हलते. शिवाय जुनी स्प्रिंग काढायला ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम घरच्या अंगणात करू नये.

दुसरी, थ्रेड असलेल्या बॉडीवर स्प्रिंगची खालची वाटी वर-खाली फिरवता येते असा कॉइलओव्हर. तिसरी, वाटी वेगळी आणि खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो असा, म्हणजे शॉकअपची एकूण लांबीच बदलता येते असा कॉइलओव्हर. योकोहामाची टाइन, तैवानची बीसी रेसिंग वगैरे कंपन्या या तिसऱ्या प्रकारच्या जोड्या विकतात. या कामाला मी तिसराच प्रकार घेईन, आणि त्याचं कारण दिसण्याचं नाही. दुसऱ्या प्रकारात गाडी खाली आणायला वाटी खाली घ्यावी लागते. मग पिस्टन सिलिंडरमध्ये तेवढा आत जाऊन बसतो आणि खड्ड्यात दबायला उरलेली जागा कमी होते. तिसऱ्या प्रकारात वाटीला हात न लावता बॉडी आखूड करता येते. पिस्टन आपल्या जागी राहतो.

वाटी वर घेऊन स्प्रिंग जास्त आवळली की गाडी ताठ होते, असा एक पक्का गैरसमज गॅरेजांतून फिरत असतो. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा ताठपणा आवळून बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची आणि चाक खाली लोंबण्याची मर्यादा.

शॉकअपच्या माथ्यावरचं माउंट रबराचं मागा. रेसिंगवाले लोखंडी गोळ्याचं माउंट पसंत करतात. लेदर आणि लाकडाने सजवलेल्या केबिनमध्ये मात्र त्याची खडखड दर सिग्नलला ऐकू येते.

स्प्रिंग किती ताठ

खोक्यावर छापलेला आकडा सोसायचा की दुसरी स्प्रिंग मागवायची, हे ठरवायला थोडं गणित करावं लागतं. ते टाळू नका. ज्यांनी टाळलं त्यांच्याच तक्रारी जास्त असतात.

स्प्रिंगवर तरंगणारी गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते, त्यावर तिचं सुख ठरतं. ऐषारामी गाड्या सेकंदाला एक ते सव्वा वेळ, चपळ गाड्या दीड वेळ, ट्रॅककडे झुकलेल्या दोन वेळ. या आकड्याचा वर्ग करून त्याने २५ ला भागलं की गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती सेंटिमीटर दबते, ते मिळतं. १.२ ला १७ सेंटिमीटर, १.५ ला ११, आणि २ ला जेमतेम ६. लांबच्या गाडीला मी १.५ च्या वर जाऊ देणार नाही.

आता किलोंत. एससी ४०० चं वजन १,६०० किलोंच्या थोडं वर. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेलायचं वजन ४०० किलो धरू. दीडच्या लयीसाठी चाकापाशी ताठपणा लागतो दर मिलिमीटरला ३.६ किलो. पण स्प्रिंग चाकापाशी नसते, आर्मवर आत सरकून बसलेली असते. चाक १० मिलिमीटर उचललं तर ती सातच मिलिमीटर दबते असं समजा. मग स्प्रिंगचा ताठपणा काढताना ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागायचं. उत्तर येतं सात-साडेसात किलो. दोनच्या लयीला हाच आकडा १३ होतो. आता खोक्यावर पाहा. पुढे १२ किंवा १४ छापलं असेल, तर ती जोडी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे ते कळतं. अमेरिकी दुकानदार दर इंचाला किती पौंड ते सांगतो. दर मिलिमीटरला एक किलो म्हणजे दर इंचाला ५६ पौंड.

०.७ हा आकडा माझा अंदाज समजा आणि आपल्या गाडीवर मोजून घ्या. एक चाक जॅकवर, कमानीच्या तुलनेत ५० मिलिमीटर उचलायचं आणि शॉकअप किती आखडला ते टेपने पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे प्रमाण पुढे उंची लावतानाही लागतं: चाकापाशी ३० मिलिमीटर खाली यायचं तर कॉइलओव्हर ३० नाही, २१ मिलिमीटरच आखूड करायचा. हे न जाणता थेट ३० आखूड केले की गाडी ४३ मिलिमीटर बसते, आणि मग दोष कंपनीला.

आधीची मापं

सपाट जमीन शोधा. बहुतेक घरांच्या ड्राइव्हवेला उतार असतो, गॅरेजची फरशी बरी. टायरमधली हवा सारखी करा, टाकी अर्धी ठेवा, डिकी रिकामी करा. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायर झिजला की ते माप बदलतं, मध्यापासूनचं बदलत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवून दुसऱ्यांदा मोजा. खरं माप ते दुसरं. एकट्याने चालवायच्या गाडीला रिकामी असताना सरळ दिसून काय उपयोग?

त्याच बैठकीत खालचे बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि आर्मांचे रबरी बुश तपासा. चाक जमिनीपासून उचलून वरून-खालून धरून हलवा. टकटक आली तर आधी ते काम. ढिल्या सांध्यांवर नवं सस्पेन्शन म्हणजे पडक्या भिंतीला नवा रंग.

पुढची बाजू

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी चार घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. घोड्या लागल्यावर खांद्याने गाडीला एक धक्का देऊन पाहा. हलली तर आत्ताच हलू दे.

चाक काढा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर जिथे ब्रॅकेटला बांधलेली असते तिथून सोडवा, म्हणजे आर्म खाली गेल्यावर ताण येणार नाही. स्टॅबिलायझर बारची लिंक दोन्ही बाजूंची सोडा. एकच सोडली तर बार दुसऱ्या चाकाला ओढत राहतो आणि आर्म हवा तसा हलत नाही.

खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या, मग शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. तो चिकटलेला असतो. नट उलटं, टोकाच्या बरोबरीला लावून त्यावर हातोडी मारा, थ्रेडवर नको. आता वर बॉनेटखाली, टॉवरवर तीन नटं गोलाकार दिसतील आणि मधोमध एक मोठं. बाहेरची तीन काढायची. मधल्याला पाना लावायचा नाही. त्याच्याखाली आख्खी दाबलेली स्प्रिंग आहे. तिसरं नट काढताना दुसऱ्या हाताने खालून शॉकअप धरा, नाहीतर तो थेट फेंडरच्या आतल्या कडेवर आदळतो. आर्म खाली दाबून, थोडा तिरका करून बाहेर घ्या.

काढलेला शॉकअप-स्प्रिंगचा जोड तसाच, न सोडता, माळ्यावर ठेवून द्या. पुढे गाडी विकताना मूळ भाग मागणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं.

स्प्रिंगशिवाय एक फेरी

इथे बहुतेक जण नवा कॉइलओव्हर खोक्यातून काढतात आणि सरळ लावतात. थांबा. या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

नव्या कॉइलओव्हरची स्प्रिंग काढून ठेवा. शॉकअप पार दबला की दणका झेलणारं बंप रबर दांडीवर राहू द्या. बिनस्प्रिंगचा शॉकअप जागेवर लावा, बोल्ट हाताने आवळा, चाक लावा. खालच्या आर्मखाली जॅक घालून चाक हळूहळू वर न्या. स्प्रिंग नाही, त्यामुळे ते सहज जातं. कमानीच्या आत, टायरच्या वर, मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या जाड गोळ्या तीन-चार जागी चिकटवा. बंप रबर पूर्ण दबेपर्यंत उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या. खाली आणून चाक काढा आणि गोळ्या पाहा.

क्ले चपटी होऊन तिच्यात टायरची नक्षी उमटली असेल, तर रबर दबण्याआधीच टायर कमानीला लागतो आहे. म्हणजे एखाद्या रात्री, चार माणसं बसलेली असताना, फ्रीवेवरच्या खळग्यात तो फेंडर कापणार. उपाय एकच: शॉकअपची बॉडी थोडी लांब करा आणि पुन्हा फेरी घ्या, टायर आणि कमान यांच्यामध्ये क्लेची निदान ८–१० मिलिमीटर जाडी शिल्लक राहीपर्यंत. जिथे ती राहिली, ती बॉडीची सगळ्यात आखूड लांबी. तिच्यावर रंगीत पेनने खूण करा. पुढे कितीही मोह झाला तरी या खुणेच्या खाली जायचं नाही.

त्याच स्थितीत चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं माप घ्या. हे झालं पूर्ण दबलेलं माप. तुम्हाला हव्या असलेल्या उंचीच्या मापातून हे वजा केलं की खड्ड्यासाठी चाकाला किती जागा उरली ते कळतं. ६० मिलिमीटरच्या खाली गेलं तर मी दोन बोटांचं एक बोट करेन. दीडच्या लयीला गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी ११० मिलिमीटर दबलेली असते. त्याच्या निम्मीसुद्धा जागा उरली नाही, तर गाडी स्प्रिंगवर कमी आणि बंप रबरवर जास्त चालते. कडक स्प्रिंग म्हणून ज्या दणक्यांना लोक शिव्या घालतात, त्यांतले बरेचसे या रबराचे असतात.

मग उलटं: चाक पूर्ण लोंबू द्या. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला अडकत नाही ना, हे पाहा. आता स्प्रिंग चढवा. वाटी एवढीच वर घ्यायची की चाक लोंबलेलं असताना स्प्रिंग हाताने वर-खाली खेळू नये. जर्मनी आणि जपानमध्ये वाहन तपासणीला ढिली स्प्रिंग चालत नाही. अमेरिकेत कोणी विचारत नाही, पण उडी मारून उतरलेल्या चाकावर स्प्रिंग वाकडी बसली तर विचारायला कोणी लागत नाही.

थ्रेडवर अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात फिरवा, लॉक रिंगा कंपनीच्या पान्याने घट्ट करा.

मागची बाजू

काम तेच, फक्त वरची नटं आतून गाठावी लागतात. मागच्या सीटची पाठ आणि पार्सल शेल्फचं अस्तर सावकाश काढा. तीस वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं; नव्या क्लिपा आधीच मागवून ठेवा. मागच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट पूर्ण लोंबत्या स्थितीत चिमटले जात नाहीत ना, तेवढं पाहा. क्लेची फेरी इथेही घ्या.

पुढे आणि मागे सारखंच खाली घ्या, किंवा मागे पाच मिलिमीटर कमी. मागची बाजू जास्त बसलेली कूपे सामान भरून निघाल्यासारखी दिसते.

बुश: घाई न करण्याची जागा

प्रत्येक आर्मच्या टोकाला बुश असतो: बाहेर एक नळी, आत एक नळी, मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आतल्या नळीला चौकटीशी घट्ट धरतो. आर्म हलतो तेव्हा काही फिरत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि सुटलं की परत येतं. कारखान्यात हे बोल्ट गाडी आपल्या उंचीवर असताना आवळलेले असतात, म्हणून सपाट रस्त्यावर रबराला पीळ नसतो.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली आली. बोल्ट तसेच ठेवले तर चारही बाजूंचे सगळे बुश उभ्या गाडीतसुद्धा कायम पिळलेले राहतात. दोन गोष्टी घडतात. पिळलेलं रबर गाडीला थोडं वर ढकलत असतं, म्हणून पहिल्या दिवसाची उंची खोटी येते आणि महिनाभरात गाडी आपोआप आणखी बसते. आणि जुनं रबर काही महिन्यांत फाटतं. गाडी लोंबत्या चाकांवर असताना आवळलं तर याहून वाईट.

म्हणून नवं सस्पेन्शन लागल्यावर आर्मांचे आतल्या बाजूचे बोल्ट, काढायचे नाहीत, फक्त सैल करायचे. चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड लाकडी ठोकळ्यांची चळत घाला, म्हणजे गाडी चाकांवर उभी राहील आणि तुम्हाला खाली हात घालायला जागा मिळेल. चाकांना पुढे-मागे पाचर लावा. पुढून, मागून गाडी दाबून हलवा, तिला बसू द्या. वाळूची पोती सीटवर ठेवा. मग टॉर्क रेंचने आवळा. आकडे टोयोटाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलेच घ्या, बोल्टाबोल्टाला वेगळे आहेत. चाकांच्या नटांचा आकडा १०३ न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने "जमेल तेवढं" नको.

काही जण जॅकने आर्म उचलून, गाडी घोड्यांवरच ठेवून हे करतात. त्यात एक धोका आहे. चाक खऱ्या उंचीवर आलं म्हणजे त्या कोपऱ्याचं सगळं वजन जॅकने उचललेलं असतं आणि त्या बाजूची घोडी मोकळी झालेली असते. मला ठोकळेच बरे वाटतात.

या गाडीत पुढच्या आणि मागच्या खालच्या आर्मांचे काही बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्यावर मध्यापासून एका बाजूला सरकलेली चकती असते आणि ते फिरवून चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर, टो वगैरे लावतात. जुन्या गाड्यांत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. सैल करण्याआधी चकतीच्या जागेवर खूण करा. हलत नसतील तर जोर लावून तोडण्याआधी नवे बोल्ट आणि नवे बुश हाताशी आहेत ना ते पाहा. अलाइनमेंटवाला असे बोल्ट पाहून हात वर करतो, आणि त्याचं चुकत नाही.

अलाइनमेंट

लगेच जाऊ नका. आठवडाभर साधी चालवा, मग मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत ३–४ मिलिमीटरचा फरक असेल तर बॉडी फिरवून काढा, आणि त्यानंतर अलाइनमेंट. उंची बदलली की अलाइनमेंट बदलते, म्हणून क्रम उलटा झाला तर पैसे दोनदा.

खाली बसलेल्या गाडीचं चाक वरून आत झुकतं. हे कॅम्बर पुढे उणे १ अंश, मागे उणे दीडपर्यंत असेल तर मी हातही लावू देणार नाही. टायर खातो तो टो. चाक सरळ दिशेपासून अर्धा अंश वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते जवळजवळ नऊ मीटर आडवं घासलं जातं. लोक आतली कड झिजलेला टायर दाखवून कॅम्बरच्या नावाने बोटं मोडतात; दहातल्या आठ वेळा माझा संशय टोवर जातो. मागच्या चाकांचा टोसुद्धा लावून घ्या. "फक्त पुढचं करतो" म्हणणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढा.

शॉकअप स्प्रिंगला किती आवरतो ते ठरवणारी, माथ्यावरची खटक्यांची कळ आधी पूर्ण घट्ट करून, तिथून उलटी मोजत या आणि कंपनीने सांगितलेल्या मधल्या खटक्यावर ठेवा. एका वेळी दोनच खटके बदला, रस्ता तोच ठेवा.

हेडलाइटही पाहून घ्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा १० मिलिमीटर जास्त बसली तर २,६९० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर प्रकाशाचा झोत दहा मीटरवर सुमारे चार सेंटिमीटर वर चढतो. समोरच्याला ते कळतं.

कायदा आणि कडा

कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून नियम होता: बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या सगळ्यात खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. गाड्या मुद्दाम जमिनीलगत बसवणाऱ्या लोराइडर मंडळींनी याला दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. रॉन अग्विरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक लावलं: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. हा नियम २०२३ मध्ये मंजूर झालेल्या एबी ४३६ या कायद्याने जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. दोन बोटांची एससी त्या जुन्या नियमातही बसली असती. विमा कंपनीला मात्र बदल लेखी कळवा.

हे वाचून पुण्या-मुंबईत कोणाचे हात शिवशिवत असतील, तर तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. आधी आरटीओत विचारा.

राहिले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल ब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. एससीची चारही चाकं त्याच्या पाठीवर असताना गाडीच्या पोटाला मधोमध ५.३ सेंटिमीटरच जागा लागते. पोट घासणार नाही. पण पुढचं चाक ब्रेकरला टेकतं त्या क्षणी, चाकाच्या पुढे ९० सेंटिमीटर नाक धरलं, तर नाकाखाली ७.४ सेंटिमीटर हवेत, आणि ब्रेक लावून नाक दबलं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे घासते ती हनुवटी. ब्रेक आधी लावा, चढताना सोडा. आणि गल्लीतला ब्रेकर कोणत्या मापाने बांधला आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तिथे हे गणित चालत नाही. अमेरिकेतल्या घरांपुढे ड्राइव्हवे आणि रस्ता यांच्यामध्ये जो पन्हाळीसारखा खळगा असतो, तिथेही हनुवटीच जाते. तिरकं चढा, एका वेळी एकच चाक वर घ्या.

हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा आणि चार मापं पुन्हा लिहा. नव्या स्प्रिंगा दोन-चार मिलिमीटर बसतात, ते धरूनच चाला. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत राहत असाल तर थंडी सुरू होण्याआधी थ्रेड ब्रशने साफ करून पेस्टचा नवा हात द्या आणि लॉक रिंगा एकदा फिरवून सोडा. दोन हिवाळे हे केलं नाही, की त्या रिंगा पान्याने हलत नाहीत. मग उंची बदलायची म्हटलं तर गॅस कटर आणावा लागतो.